पट्टी गुंडाळलेली कात्री

माझे भाऊजी गेली बत्तीस वर्षं लोकांचे केस कापत आले आहेत, आणि त्यातली तीन वर्षं त्यांनी मुक्या कात्रीनं कापले. ती तीन वर्षं माझ्यामुळे गेली. हे आधीच सरळ लिहून टाकतो, नाहीतर पुढे भाऊजींचं कौतुक करता करता मी स्वतःला अलगद बाजूला काढून घेईन. ते मला चांगलं जमतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंचीला बेताचे, पोटाला किंचित पुढे, बोलायला फारच कमी. त्यांचं सलून म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे काचेचं दार, मागच्या अंगणाकडे लाकडी दार, मधे दोन खुर्च्या, दोन आरसे आणि डोक्यावर एकच पंखा. रस्त्याजवळची खुर्ची त्यांची. आतली, पंख्याखालची, माझी.

मी त्या खुर्चीवर कसा आलो तेही सांगायला हवं. शहराच्या दुसऱ्या टोकाला मी स्वतःचं सलून काढलं होतं. दीड वर्षात त्याला कुलूप लागलं. दोष जागेचा होता, गिऱ्हाइकांचा होता, रस्त्याच्या खोदकामाचा होता; एक माझा सोडला तर सगळ्यांचा होता. दोन पिशव्या घेऊन ताईच्या दारात उभा राहिलो तेव्हा भाऊजींनी एका शब्दानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या खुर्चीवरचे जुने पेपर उचलले, खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली आणि मला म्हणाले, नऊला येत जा. संपलं. उपकार करून ते विसरून जाणाऱ्या माणसासोबत दिवसभर काम करणं फार जड जातं. चार शब्द सुनावले असते तर मी भांडून मोकळा झालो असतो.

बोलत नसले तरी भाऊजींची कात्री बोलायची. कात्री केसात असो नसो, हात चालूच. कंगव्यानं बट उचलेपर्यंत हवेत चक् चक् चक्, मग कापणं, मग पुन्हा हवेत चक् चक्. आणि डोकं पुरं झालं की शेवटी दोन ठळक ठोके, चक् चक्, म्हणजे उठा, झालं. आमचे एक मास्तर आहेत, शाळेतून निवृत्त झालेले. ते खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागत आणि त्या शेवटच्या दोन ठोक्यांना बरोबर जागे होत. घरी गोळी घेऊन येत नाही ती झोप तुमच्या कात्रीनं येते, असं म्हणत मास्तर मान चोळत उठायचे.

दुकानाची पाटी रंगवायला उतरवली त्या दिवशी हे सगळं सुरू झालं. पाटीमागच्या पोकळीत साळुंकीचं घरटं आहे हे पाटी खाली आल्यावर कळलं. तीन पिल्लं पायरीवर पडली. दोन तिथेच गेली. तिसऱ्याचे डोळे जेमतेम उघडलेले, अंगावर पिसांच्या जागी नुसत्या काळ्या काड्या, आणि त्या एवढ्याशा जिवाला चोच मात्र अशी की सगळं डोकंच उघडतंय असं वाटावं. भाऊजींनी त्याच जागी खोकं बांधून पिल्लू आत ठेवून पाहिलं. आईबाप दिवसभर समोरच्या तारेवरून ओरडले, खोक्याजवळ काही आले नाहीत. अंधारायला लागल्यावर भाऊजी स्टुलावर चढले, पिल्लू ओंजळीत घेऊन खाली आले आणि म्हणाले, "पाटी मी उतरवली. आता हिला परत वर पाठवायचं काम माझं."

ते हे मनापासून बोलत होते. पक्ष्यांच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन सगळं विचारून आले. दर अर्ध्या तासाला घास हवा, उकडलेलं अंडं आणि किडे, चोचीत पाणी अजिबात ओतायचं नाही. ताई म्हणाली, घरात दोन पुरुष पोसतेय ते कमी पडतात का. भाऊजींनी पिल्लाचं नाव ठेवलं पाहुणी. चार दिवस राहील आणि जाईल, म्हणून पाहुणी. ताईला हे पटलं, आणि अंडी उकडायचं काम तिनंच उचललं.

आता एक डोकं करायला भाऊजींना साधारण अर्धा तास लागतो. त्यामुळे दुकानात घड्याळाची गरजच पडली नाही. एक डोकं, एक घास. गिऱ्हाईक उठलं की भाऊजी भुवया नीट करायचा चिमटा घेत, त्याची टोकं त्यांनी दगडावर घासून बोथट करून ठेवली होती, आणि खोक्याशी जाऊन पाहुणीला भरवत. म्हणजे प्रत्येक घासाच्या आधी तिच्या कानावर काय पडत होतं? शेवटचे दोन ठोके, चक् चक्. आठवड्यात अशी गत झाली की भाऊजींनी ठोके दिले की खोक्यातून कालवा सुरू. मास्तर आणि पाहुणी एकदमच जागे होत. आम्ही पोट धरून हसायचो. आपण तिला काय शिकवतोय हे आम्हा दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. केस कापणारी माणसं आम्ही, त्या आवाजाला आम्ही आवाज समजतच नव्हतो.

पंख आल्यावर ती खोक्यातून बाहेर पडली आणि दुकान तिचं झालं. आरशातल्या साळुंकीशी भांडायची, कंगवे खाली टाकायची, मास्तरांच्या चष्म्याची काडी ओढायची. त्या दिवसांत पंखा बंद. भाऊजींनी औषधाच्या डब्यातली पांढरी कापडी पट्टी पंख्याच्या बटणावर चिकटवली, कुणी चुकूनही लावू नये म्हणून. उकाडा मी म्हणत होता. गिऱ्हाइकं पेपरनं वारा घेत, कुरकुरत, पण येत. पाहुणी भाऊजींच्या डाव्या खांद्यावर बसून त्यांचं काम बघायची. माझ्या खांद्यावर ती कधी बसली नाही. मी बोट पुढे केलं की ती मान तिरकी करून बोटाकडे बघायची आणि उडून पलीकडे जायची. तिशी उलटलेल्या माणसानं एका पाखराच्या नावडीचं मनाला लावून घेऊ नये, हे मला कळत होतं. मी लावून घेतलं.

डॉक्टरबाईंनी तिला तपासलं तेव्हा भाऊजींनी मोठ्या कौतुकानं खिशातून कात्री काढून दाखवली. चक् चक् केलं, ती उडत येऊन त्यांच्या मनगटावर बसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही तुमची साळुंकी नाही, तुमचं कायमचं गिऱ्हाईक झालंय. अशी बाहेर सोडलीत तर कुणाच्याही हातावर जाऊन बसेल, आणि सगळेच हात तुमच्यासारखे नसतात. मग त्यांनी नियम सांगितले. मुक्काम दुकानातून मागच्या अंगणात. पिंजरा भिंतीवर, दार कायम उघडं. खाणं हातानं नाही, ताटलीत. तेही आधी दोनदा, मग एकदा, मग बंद. गवतात जिवंत नाकतोडे सोडायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला बोलवायचं नाही. आली तरी लक्ष द्यायचं नाही. तो आवाज तिनं विसरला पाहिजे.

मागचं दार आणि अंगण यांत दहा पावलांचं अंतर. आवाज विसरायचा तर आवाज थांबायला हवा होता. भाऊजींनी संध्याकाळी कात्री हातात घेऊन नीट पाहिली. कात्रीच्या दोन कड्यांच्या मधे एक छोटा ठोकळा असतो, कात्री मिटली की दुसरी कडी त्यावर आपटते, तो तो आवाज. त्यांनी तीच कापडी पट्टी त्या ठोकळ्याभोवती गुंडाळली. मिटून पाहिली. नुसतं फुस्. मग माझी कात्री मागून घेतली आणि तिलाही गुंडाळली. पंख्याच्या बटणावरची पट्टी काढून टाकली, कारण ती आता बाहेर राहणार होती.

इतकी वर्षं ज्या हातानं बडबड केली त्याला गप्प बसवणं सोपं नव्हतं. त्यांचा हात हवेत जायचा, आवाज यायचा नाही आणि ते क्षणभर भांबावून थांबायचे. मास्तरांना तर झोपच येईना. डोळे किलकिले करून त्यांनी विचारलं की कापताय ना, की नुसता हात फिरवताय. भाऊजींनी त्यांना कापलेली बट दाखवली.

पहिले चार दिवस पाहुणी मागच्या दाराशी येऊन ओरडत बसली. दार लावलेलं. भाऊजी दाराला पाठ लावून आतून उभे, आणि ती बाहेरून चोच आपटतेय. मी म्हटलं, भाऊजी, एक घास देऊन टाकू. त्यांनी मान हलवली. तशाच लाल डोळ्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं. पाचव्या दिवशी तिनं पहिला नाकतोडा स्वतः पकडला. भाऊजींनी ते दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला खुणेनं बोलावलं. आम्ही दोघं एकाच फटीला डोळे लावून वर-खाली उभे होतो, आणि आत खुर्चीत अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक आमची वाट बघत होतं.

इथून पुढचं माझं.

एक वाजता भाऊजी घरी जेवायला जात आणि मी दुकान सांभाळत डबा खात असे. ताईनं भरून दिलेला स्टीलचा डबा, त्याला एक घट्ट कडी, ती उघडताना खट् करून मोठा आवाज व्हायचा. ताई त्या कडीला रोज शिव्या घालायची. तर एके दुपारी मी खण आवरत होतो आणि माझी जुनी कात्री सापडली, पट्टी न गुंडाळलेली. मी ती पुसली. चालते का बघावं म्हणून मिटली. निदान स्वतःला मी तसं सांगितलं. खरं तर मागचं दार मी आधीच उघडून ठेवलं होतं.

चक् चक्. मग डब्याची कडी, खट्. ती आली. सरळ उडत आली आणि माझ्या खुर्चीच्या हातावर बसली. पंखा मी बंद केला होता, तेवढी अक्कल होती. मी अंड्यातला पिवळा भाग चिमटीत धरला आणि तिनं तो घेतला. बाहेर जाऊन पुन्हा आली. त्या खोलीत भाऊजी नव्हते. ती माझ्याकडे आली होती, आणि तोवर कितीतरी वर्षांत माझ्या हाकेला कुणी धावत आलं नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तसं वाटलं, एवढंच.

अकरा दिवस मी हे केलं. रोज एकाला भाऊजी गेले की कात्री, डबा, घास. संध्याकाळी भाऊजी ताटली बघायचे. तिच्यातलं खाणं तसंच पडलेलं असायचं. ते हरखून म्हणायचे, बघ, ताटलीला तोंड लावत नाही, स्वतःचं स्वतः मिळवते आता. आणि मी मूग गिळून जमिनीवरचे केस झाडत राहायचो. एकदा तर, हो ना, असंही म्हणालो.

बाराव्या दिवशी सकाळी भाऊजी काम करत असताना त्यांच्या कात्रीची पट्टी घामानं सुटली. सवयीनं हवेत हात गेला आणि खणखणीत चक् झालं. ते दचकले. लगेच अंगणात डोकावून आले, पाहुणी जागेवर नव्हती. त्यांनी नवी पट्टी गुंडाळली आणि कामाला लागले.

दुपारी ते घरी गेले. मी एका गिऱ्हाइकाची दाढी केली. त्याला फार उकडत होतं म्हणून पंखा लावला होता. तो गेल्यावर मी मागच्या दारात आलो. अंगणात गवतावर चार रानच्या साळुंक्या किडे टिपत होत्या, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर पाचवी. पाहुणी. त्या सरकल्या की ही सरकायची. त्यांनी मान वर केली की ही करायची. त्यातली एक हिच्याकडे आली, हिच्या चोचीसमोरचा किडा उचलून गेली, आणि ही घाबरली नाही, उलट तिच्या मागे चार पावलं गेली. डॉक्टरबाईंनी ज्यासाठी एवढा खटाटोप सांगितला होता तेच माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. भाऊजींनी हे पाहायला हवं होतं. दीड महिना ते ह्याच क्षणासाठी जीव टांगणीला लावून बसले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. अकरा दिवस माझ्या हातचं खाल्लं आणि आता माझ्याकडे ढुंकून बघत नाही. म्हटलं, बघू तर खरं, मी बोलावल्यावर ह्यांना सोडून येते का. मी आत गेलो, खुर्चीशी उभा राहिलो आणि जुनी कात्री वाजवली. डबा उघडला.

ती त्या चौघींना सोडून आली.

पंखा माझ्या डोक्यावर फिरत होता. मला त्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता. मी फक्त दाराकडे बघत होतो, येते का म्हणून. आली म्हणून मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं संपायच्या आत ती आरशाच्या फळीवर आपटून खाली पडली होती. डावा पंख भलत्याच बाजूला वळलेला. चोच उघडी. मी तिला उचललं तेव्हा ती ओरडलीही नाही.

जुनी कात्री मी खणात टाकली. पंखा बंद केला. डब्याची कडी लावली. हे सगळं मी तिला एका हातात धरून केलं, भाऊजींना बोलवायच्या आधी केलं. मला सगळ्यात जास्त लाज ह्याची वाटते.

भाऊजी धावत आले. काय झालं विचारलं. मी म्हटलं, मागून आत शिरली, पंखा चालू होता. त्यांनी तिला घेतलं. मग त्यांची नजर स्वतःच्या कात्रीवर गेली.

"सकाळी माझी पट्टी सुटली होती," ते म्हणाले. "तिनं ऐकलं असणार."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. मी खोटं असं बोललोच नाही, असं पुढे कितीतरी दिवस स्वतःला पटवत राहिलो. फक्त हं म्हटलं.

डॉक्टरबाईंनी पंख बांधला. जगेल म्हणाल्या, उडणार नाही. मोडलंय ते सांध्यात मोडलंय. पाहुणी घरी आली, ती मागच्या खोलीत खिडकीजवळ ताईनं केलेल्या लाकडी दांडीवर राहू लागली. ताई तिला अजून पाहुणीच म्हणते, पण म्हणताना पहिल्यासारखं हसत नाही.

भाऊजींनी कात्रीवरची पट्टी काढली नाही. आता गरज नव्हती, पाहुणी घरी होती, दुकान दोन गल्ल्या दूर. मी दोनदा म्हणून पाहिलं की काढा आता. ते म्हणाले, असू दे. पट्टी मळली की नवी गुंडाळायचे. एवढ्यावर भागलं नाही. दुपारचं जेवायला घरी जाणं त्यांनी बंद केलं. म्हणाले, तू जा, मी डबा खातो. ताईला वाटलं गुडघे दुखत असतील. घरी संध्याकाळी यायचे तेही मागच्या खोलीकडे न बघता. ज्या खांद्यावर ती बसायची तो खांदा आत आणायची त्यांची हिंमत होत नव्हती, आणि हे मला दिसत होतं. रोज दिसत होतं. मी रोज ठरवायचो की आज सांगायचं. सकाळी गिऱ्हाइकं असायची. दुपारी ते एकटे डबा खात असायचे, तेव्हा मी घरी. संध्याकाळी थकलेले असायचे. अशा रीतीनं तीन वर्षं निघून गेली. माणसानं मनावर घेतलं तर त्याला कधीच वेळ मिळत नाही.

घरी मी काय करायचो? तिला भरवायचो. ताई म्हणायची, तुला बाई तिचा फार लळा. मी प्रायश्चित्त करतोय असं मला वाटायचं. ती आता माझ्या बोटावर बसायची, मनगटावर चालायची, माझ्या बाहीत चोच खुपसायची. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. भाऊजींनी सोडलेल्या जागेवर मी आरामात बसलो होतो.

मग सुट्टीच्या दिवशीची दुपार. दुकान बंद, तिघंही घरी जेवायला बसलेलो. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि माझा आवाज तिला ऐकू जात होता. साळुंक्या ऐकलेले आवाज काढतात हे आम्हाला माहीत होतं, पण ही तीन वर्षांत साध्या चिवचिवाटापलीकडे काही बोलली नव्हती.

आतून आवाज आला. चक् चक्. खट्.

ताई म्हणाली, हे बघ, चार दिवस झाले हिला नवीन खूळ लागलंय, हा दुकानात गेला की सुरू करते. पुन्हा आला. चक् चक्. खट्. कात्री ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. पण ते शेवटचं खट्, तो आवाज भाऊजींना सगळ्यांत जास्त ओळखीचा होता. तीन वर्षं दुकानात एकट्यानं बसून ते तोच डबा उघडत होते.

त्यांचा हात ताटातच थांबला. मान वर न करता त्यांनी विचारलं, "दुपारी बोलवायचास तू तिला?"

"हो."

"त्या दिवशीसुद्धा?"

"हो, भाऊजी."

ताईनं आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं. भाऊजी उठले, हात धुतले आणि चपला घालून बाहेर पडले. सुट्टीच्या दिवशी ते दुकानात गेले. मी मागोमाग गेलो. ते आपल्या खुर्चीत बसले होते आणि वस्तऱ्याच्या पात्यानं कात्रीवरची पट्टी खरवडत होते. पट्टीचा चिकटा बोटांना लागत होता, तो ते पँटला पुसत होते. मी बरंच काही बोललो. माफी मागितली, रडलोही. त्यांनी सगळी पट्टी निघेपर्यंत मान वर केली नाही. मग कात्री एकदा मिटून पाहिली. चक्.

"तीन वर्षं मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही," ते म्हणाले. "ती त्या खोलीत, मी ह्या खोलीत. तू सांगितलं असतंस तर तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि तिच्यापाशी जाऊन बसलो असतो."

पंख तर मी मोडलाच होता. पण पंख मोडला तो एका क्षणाच्या हावेनं, आणि ही तीन वर्षं मी शुद्धीत राहून, रोज पोटभर जेवून काढली होती.

संध्याकाळी ते मागच्या खोलीत गेले. डावा खांदा पुढे करून दांडीशी उभे राहिले. पाहुणीनं मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं, बोटभर बाजूला सरकली, आणि त्यांच्यावरून पलीकडे दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून चोच उघडली. मी तिथून निघून गेलो.

त्या दिवसापासून दुपारी मी घरी जात नाही. ताईला सांगितलं, भाऊजींना गरम जेवण मिळू दे, मी डबा खातो. घरातही मी मागच्या खोलीकडे फिरकत नाही, ती हाक मारते तेव्हा तर नाहीच. डॉक्टरबाईंनी भाऊजींना सांगितलेले नियम आता मी पाळतोय, बोलवायचं नाही, लक्ष द्यायचं नाही. दारामागे उभं राहणं किती कठीण असतं ते मला आत्ता कळतंय. दुकानात डबा उघडताना मी कडीवर अंगठा दाबून धरतो, म्हणजे आवाज होत नाही. दोन गल्ल्यांवरून तिला काय ऐकू येणार आहे, पण हात तसाच जातो.

भाऊजींची कात्री पुन्हा बोलायला लागली आहे. मास्तर पुन्हा घोरतात. भाऊजी माझ्याशी पहिल्याइतकंच बोलतात, म्हणजे फारच कमी, त्यामुळे मला माफी मिळाली की नाही हे कळायला काही मार्ग नाही. पाहुणी काय म्हणते हे मी विचारत नाही. कधी त्यांना वाटलं तर ते स्वतःच सांगतात. आज दांडीच्या ह्या टोकाला आली. आज बोटाला चावली. आज आली नाही.

परवा दुपारी ते जेवून परत आले तेव्हा मी केस झाडत होतो.

"आज घेतला तिनं घास," ते म्हणाले. "माझ्या हातून."

मी झाडू धरून उभा राहिलो.

"खाऊन झाल्यावर तुझा डबा वाजवला," ते म्हणाले. "मग दाराकडे बघत बसली."

एवढं बोलून त्यांनी कापड झटकलं आणि बाकावर बसलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला हात केला.